स्टीलमध्ये टॅप मारताना ड्रिल कितीचं आणि आरपीएम किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटर कंट्रोलवर चालणारी मिलिंग मशीन), एक रेडियल आणि तीन बेंच ड्रिल. आयटीआय किंवा डिप्लोमा करून नवीन पोरं येतात आणि पहिल्या दोन महिन्यांत फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून काढलं. टॅप म्हणजे ड्रिल केलेल्या होलात आटे पाडायचं हत्यार. हे सगळं स्टीलबद्दल आहे, अॅल्युमिनियम आणि कास्ट आयर्नचं गणित वेगळं. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, पुढे ती वारंवार येणार आहे: टॅप तुटला की सगळे टॅपच्या कंपनीला शिव्या देतात, पण आमच्याकडे तुटलेल्या टॅपपैकी बहुतेकांचं कारण त्याच्या आधी मारलेल्या होलात सापडलंय.

एम१० ला ड्रिल कितीचं मारायचं? तक्ता पाठ करायलाच लागतो का?

पाठ नाही केला तरी चालतं. एम१० म्हणजे १० मिमीचा बोल्ट, आणि पिच म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. बोल्टच्या साइजमधून पिच वजा करा, आलं ड्रिल. एम१० ची साधी पिच १.५, म्हणजे १० वजा १.५, ड्रिल ८.५. एम६ ची पिच १, ड्रिल ५. बस एवढंच.

तरी रोजचे साइज तोंडावर असलेले बरे: एम३ ला २.५, एम४ ला ३.३, एम५ ला ४.२, एम६ ला ५, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२, एम१४ ला १२, एम१६ ला १४, एम१८ ला १५.५, एम२० ला १७.५, एम२४ ला २१. एम८ ला वजाबाकी करून ६.७५ येतं आणि एम१२ ला १०.२५, पण बाजारात सहज ६.८ आणि १०.२ मिळतं, तेच वापरायचं.

फाइन पिच आली की माणूस हमखास चुकतो. एम१० × १.२५ ला ८.८ लागतं, एम१२ × १.५ ला १०.५, एम१२ × १.२५ ला १०.८, एम१६ × १.५ ला १४.५. ड्रॉइंगवर नुसतं एम१२ लिहिलं असेल तर साधी पिच, म्हणजे १.७५. पुढे गुणिले करून काही लिहिलंय का ते ड्रिल चकात लावायच्या आधी बघा, कारण १०.८ मारलं आणि मग कळलं की पिच १.७५ पाहिजे होती, तर आटे उथळ येतात आणि तो होल परत लहान करता येत नाही.

तक्त्यात ८.५ आहे, पण शेजारच्या शॉपमधले काका म्हणतात ८.६ मार, टॅप जास्त टिकतो. खरं काय?

काकांचं बरोबर आहे, पण मर्यादेत. आट्यांची टक्केवारी, म्हणजे पूर्ण खोलीच्या किती टक्के आटा पडला, ते काढायची रीत अशी: बोल्टच्या साइजमधून होल वजा करायचा, त्याला पिच गुणिले १.२९९ ने भागायचं. ८.५ ला येतात साधारण ७७ टक्के आटे, ८.६ ला ७२ टक्के. आता ऐकायला वाटतं की ५ टक्के ताकद गेली, तर तसं होत नाही. हँडबुकांत पिढ्यान्‌पिढ्या छापलेला आकडा असा की ७५ च्या जागी पूर्ण १०० टक्के आटे पाडले तर ताकद जेमतेम ५ टक्के वाढते, पण टॅप फिरवायला जोर लागतो जवळपास तिप्पट. तो जोर सगळा टॅपच्या अंगावर जातो.

एम१० च्या नेहमीच्या ६एच टॉलरन्समध्ये (आतल्या आट्यांची चालणारी हद्द) आतला व्यास ८.३७६ पासून ८.६७६ पर्यंत चालतो. म्हणजे ८.६ चा होल खरोखर ८.६ च पडत असेल तर जॉब पास आहे. एम६ ला ही हद्द ४.९१७ ते ५.१५३, एम८ ला ६.६४७ ते ६.९१२, एम१२ ला १०.१०६ ते १०.४४१. चिवट मटेरियलमध्ये, एसएस (स्टेनलेस) किंवा ईएन२४ (अलॉय स्टील) मध्ये, मी स्वतः एम१२ ला १०.३ मारतो आणि कुणी काही म्हटलं तर गेज दाखवतो. एमएसमध्ये (साधं नरम स्टील) मात्र त्याची गरज पडत नाही, तिथे १०.२ च ठीक.

८.५ चंच ड्रिल मारलं, तरी बोल्ट ढिला बसतो. टॅप मोठा आहे का?

टॅपच्या आधी होल मोजा. ड्रिल नेहमी स्वतःपेक्षा थोडा मोठा होल पाडतं, चांगल्या धारेचं असेल तर मिलिमीटरचे पाच-दहा शतांश. पण हाताने धार लावलेल्या ड्रिलच्या दोन्ही ओठांची (कापणाऱ्या कडांची) लांबी सारखी नसेल तर टोक मध्यावर राहत नाही, ते एका बाजूला झोके घेत कापतं आणि ८.५ च्या ड्रिलने ८.७ चा होल पडतो.

ओळखायचं कसं, तर ड्रिल चालू असताना वर येणारी बर, म्हणजे कापून निघणारा धातूचा कीस, बघा. दोन्ही फ्लूटमधून (ड्रिलच्या अंगावरच्या खाचांतून) सारख्या जाडीच्या दोन वेण्या निघत असतील तर धार बरोबर आहे. एकाच बाजूने जाड बर येतेय आणि दुसऱ्या बाजूने नुसता भुगा, तर ड्रिल काढा आणि परत ग्राइंडरवर न्या. आमच्याकडे ८.७ च्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत शँक मी गेज म्हणून वापरतो, एम१० च्या होलात तो जायला नको. गेला की तो होल बाजूला ठेवायचा आणि ड्रिलला धार लावायची. फक्त तो शँक आधी मायक्रोमीटरने मोजून घ्या, काही ड्रिलचा शँक दोन-चार शतांश कमी असतो.

अजून एक. शँकवर कोरलेला आकडा चकात फिरून फिरून पुसला जातो, आणि पेटीत १० चं आणि १०.२ चं ड्रिल शेजारी शेजारी पडलेलं असतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. एम१२ ला १० चं मारलं तर आटे ८८ टक्के होतात, टॅप अर्ध्यात जाऊन अडकतो. दर वेळी व्हर्नियर लावायचा, पाच सेकंद लागतात.

ड्रिलचा आरपीएम कसा काढायचा?

३१८ ला कटिंग स्पीडने गुणा आणि ड्रिलच्या व्यासाने भागा. स्पीड मीटर प्रति मिनिट, व्यास मिलिमीटरमध्ये. साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला एमएसमध्ये २५ धरा, ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील) मध्ये १८ ते २०, ईएन२४ टेम्पर केलेलं असेल तर १० ते १२, एसएस ३०४ ला पण १० ते १२.

म्हणजे ८.५ ड्रिल एमएसमध्ये: ३१८ × २५ ÷ ८.५, साधारण ९३५. मशीनवर ९०० असेल तर ९०० लावा. ५ चं ड्रिल १५०० च्या आसपास. एम१२ साठी १०.२ चं ड्रिल ईएन८ मध्ये ५५० ते ६००. हे आकडे कूलंट चालू असताना. ब्रशने तेल लावून काम करत असाल तर यातून पाव भाग कमी करा.

आणि दाब. पोरं आरपीएमला घाबरत नाहीत पण हँडल दाबायला घाबरतात. हलकं हलकं घासत राहिलं तर ड्रिल कापत नाही, तापवतं, आणि होलाची भिंत कडक होते. एसएसमध्ये तर हा गुन्हाच आहे, एकदा का आतली कातडी कडक झाली की नंतर टॅप त्याच कातडीत मरतो. ८.५ च्या ड्रिलला एका फेऱ्याला ०.१५ मिमी तरी खाली गेलंच पाहिजे.

टॅपिंगला किती आरपीएम? ड्रिलच्याच स्पीडवर मारला तर?

नको. सूत्र तेच, पण एमएसला स्पीड ८ धरायचं, ईएन८ ला ६, टेम्पर केलेल्या ईएन२४ ला आणि एसएसला ३ ते ४. एमएसमध्ये एम६ ला साधारण ४२०, एम१० ला २५०, एम१६ ला १६०, एम२० ला १२५. टेम्पर केलेल्या ईएन२४ मध्ये एम१२ ला शंभरच्या आसपास. कोटिंगवाला चांगला मशीन टॅप आणि व्हीएमसी असेल तर एमएसमध्ये १२-१५ पर्यंत न्यायला हरकत नाही, पण आधी ८ वर दहा होल मारून बघा.

बेंच ड्रिलची अडचण अशी की बेल्टवाल्या मशीनचा सगळ्यात कमी आरपीएमच कित्येकदा ४०० च्या वर असतो. अशा मशीनवर एम६ पर्यंत ठीक, तेही रिव्हर्सिंगची टॅपिंग अटॅचमेंट असेल तर. एम१० तिथे पॉवरवर मारू नका. त्यापेक्षा होल मारून झाला की जॉब अजिबात हलवायचा नाही, ड्रिल काढून चकात टॅप पकडायचा, मशीनचा स्विच बंद, प्लग पण काढून ठेवायचा, आणि चक हाताने फिरवत पहिले तीन-चार आटे पाडायचे. टॅप आपोआप सरळ बसतो. मग चक सोडून वर टॅप हँडल लावा आणि बाकीचं हाताने पूर्ण करा.

हाताने मारताना टॅप वाकडा जातो, काय करू?

गुणिया लावा. दोन आटे गेले की थांबा, हँडल काढा, गुणिया टॅपला टेकवा, मग काटकोनात फिरून दुसऱ्या बाजूने परत टेकवा. एकाच बाजूने बघून उपयोग नाही. वाकडा असेल तर याच वेळी सरळ होतो, पाच आटे गेल्यावर जोर लावून सरळ करायला गेलात तर टॅप तुटणारच.

होलाच्या तोंडाला आधी काउंटरसिंक मारलेला असला पाहिजे, बोल्टच्या साइजपेक्षा किंचित मोठा, म्हणजे टॅप बरोबर मध्यावर बसतो आणि पहिला आटा वर उचलला जात नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना हाताला बारीक 'कट्ट' असं जाणवतं, ती बर तुटल्याची खूण. ते जाणवेपर्यंत पुढे जायचं नाही. आणि हँडल दोन्ही हातांनी सारखं धरायचं, एका हाताने स्पॅनरसारखं ओढलं की टॅपवर बाजूचा जोर येतो.

सेटमध्ये तीन टॅप असतात, टेपर, सेकंड आणि बॉटमिंग. घाईत टेपर सोडून थेट सेकंड लावायची सवय नको, एम१२ च्या पुढे तर अजिबात नको.

स्पायरल पॉइंट आणि स्पायरल फ्लूट यात कुठला कधी?

आरपार होल असेल तर स्पायरल पॉइंट, ज्याला आपण गन टॅप म्हणतो. तो बर पुढे ढकलतो, खालून पडून जाते. बंद होल असेल तर स्पायरल फ्लूट, तो बर वर काढतो. बंद होलात गन टॅप मारला तर सगळी बर तळाला दाबून बसते आणि टॅप तिच्यावर जाऊन आपटतो. उलट केलं तर तेवढं नुकसान नाही, पण स्पायरल फ्लूटचा टॅप नाजूक असतो, कडक स्टीलच्या आरपार होलात उगाच वाया घालवू नका.

बंद होल किती खोल मारायचा?

समजा ड्रॉइंगवर एम१०, आटे १५ मिमी खोल. टॅपच्या टोकाचे दोन-तीन आटे अर्धवट असतात, तिथे साधारण ४ मिमी जातं, त्याखाली बर बसायला आणि मशीन थांबायला अजून ३-४ मिमी सोडा. म्हणजे पूर्ण व्यासाचा होल २२ ते २३. ड्रिलच्या ११८ अंशाच्या टोकाची उंची व्यासाच्या ०.३ पट असते, ८.५ ला २.५ मिमी, म्हणजे टोक जातं २५ वर. आता प्लेटच २५ ची असेल तर? खालून फुटणार. तेव्हा पूर्ण होल २० वर थांबवा आणि शेवटी बॉटमिंग टॅप हाताने मारा.

डेप्थ मोजताना शून्य कुठे धरलाय ते बघा. ड्रिलचं टोक जॉबला टेकलं तिथे शून्य धरून २० मारलं तर पूर्ण व्यास साडेसतरा मिमीच गेलेला असतो, आणि टॅपवाल्याला वाटतं २० आहे.

आटे किती खोल पाहिजेत हे पण लोक विचारतात. स्टीलमध्ये बोल्टच्या व्यासाइतके बास. जॉब एमएसचा आणि वर १२.९ ग्रेडचा अॅलन बोल्ट असेल तर दीडपट. त्याच्या पुढे जाऊन फायदा काही नाही, टॅप तुटायची शक्यता मात्र वाढते.

एकाच प्लेटवर काही होल लोण्यासारखे टॅप होतात आणि काही ठिकाणी टॅप तुटतो, असं का?

यावर मी एक आख्खा दिवस घालवलाय म्हणून जरा सविस्तर सांगतो. ईएन८ च्या २० मिमी जाडीच्या बेस प्लेट होत्या, बाहेरून गॅस कटिंग करून आलेल्या, प्रत्येकीला कडेने एम१२ चे १६ होल. पहिल्या प्लेटवर दोन टॅप गेले, दुसरीवर एक. ऑपरेटर म्हणाला टॅपचा लॉट खराब आहे. नवीन टॅप आणले, तोही गेला. मग तुटलेल्या जागा प्लेटवर खडूने मार्क केल्या तर सगळ्या जागा कडेपासून अगदी जवळच्या, आतल्या रांगेत एकही नाही. कडेवर कानस मारून बघितली, कानस नुसती घसरत होती, खरवडतच नव्हती. काचेवर मारल्यासारखी. मध्यावर तीच कानस व्यवस्थित धरत होती.

ईएन८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो. गॅसच्या ज्वाळेने कड लाल होते, आणि बाकीची थंड प्लेट ती उष्णता लगेच ओढून घेते, म्हणजे कडेचं पाणी चढवल्यासारखं हार्डनिंग होतं. एमएसमध्ये कार्बन कमी म्हणून हा त्रास जवळजवळ जाणवत नाही. उरलेल्या प्लेट आम्ही नॉर्मलायझिंगला (तापवून हवेत थंड करायला) पाठवल्या, दोन दिवस गेले, पण परत आल्यावर सगळे होल एकाच टॅपने झाले. तेव्हापासून गॅस कट केलेली ईएन८ आली की पहिल्यांदा कडेवर कानस फिरवतो. ड्रिल मारताना तिथे आवाज बदलतो, नेहमीच्या घरघरीऐवजी बारीक किंचाळी येते आणि बर निळी, तुकड्या-तुकड्यांत येते. ते दिसलं की टॅप हातात घ्यायचाच नाही.

व्हीएमसीवर रिजिड टॅपिंगचा फीड किती?

रिजिड टॅपिंगमध्ये टॅपचं फिरणं आणि खाली जाणं मशीनच जुळवतं. फीड म्हणजे आरपीएम गुणिले पिच, यात मनाचं काही चालत नाही. एम१० × १.५, आरपीएम २५०, फीड ३७५. फॅनुक कंट्रोलला आधी एम२९ एस२५०, मग जी८४ (हे प्रोग्रामचे कोड, एम२९ ही साइज नाही; एस म्हणजे आरपीएम, एफ म्हणजे फीड). सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मशीनवर एस बदलायचा आणि एफ तसाच ठेवायचा. जी९५ लावून एफ ला थेट पिच दिली, एफ१.५, तर ही चूक होतच नाही, आमच्याकडे आता सगळे प्रोग्राम असेच आहेत. आर पॉइंट, म्हणजे टॅप जिथून फीडने खाली जायला लागतो ती जागा, जॉबच्या वर किमान तीन पिच ठेवा. फ्लोटिंग होल्डर वापरत असाल तर फीड दोन-तीन टक्के कमी द्या, होल्डर बाकीचं ओढून घेतो.

तेल कुठलं? कूलंट चालत नाही का?

एमएसला नेहमीचं पांढरं कूलंट चालतं, पण पातळ नको, ८ ते १० टक्के ठेवा. ईएन२४ आणि एसएसला पाणी न मिसळलेलं कटिंग ऑइल किंवा टॅपिंग पेस्ट. टॅपिंगला थंडाव्यापेक्षा वंगण महत्त्वाचं, स्पीड कमी असतो पण घासाघीस भयंकर. ब्रश टॅपला लावा आणि होलात पण थेंब सोडा.

एचआरसी (कडकपणाचं माप) ४५ च्या वरचा जॉब आहे, एचएसएस टॅप जाईल?

जाणार नाही. हार्डनिंगच्या आधी टॅप करून घ्या, किंवा सॉलिड कार्बाइडच्या थ्रेड मिलने करा.

पार्टी म्हणते 'तीन सूतचा टॅप मार'. म्हणजे एम१० का?

नाही, आणि यात खूप जॉब वाया गेलेत. आठ सूत म्हणजे एक इंच. तीन सूत म्हणजे ३/८ इंच, ९.५२५ मिमी, एम१० च्या जवळ पण एम१० नाही. जुन्या मशीनचे, शेतीच्या अवजारांचे, पाइप क्लॅम्पचे बोल्ट अजून व्हिटवर्थचे येतात. व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवलेला तो आटा ५५ अंशाचा, आपला मेट्रिक ६० चा. ३/८ व्हिटवर्थला इंचाला १६ आटे, ड्रिल ७.९, पाव इंचाला २० आटे, ड्रिल ५.१, अर्ध्या इंचाला, म्हणजे चार सूतला, १२ आटे, ड्रिल १०.५.

इथे एक खड्डा आहे. बऱ्याच साइजला व्हिटवर्थ आणि अमेरिकन यूएनसी यांचे इंचाला आटे सारखेच, पण अर्ध्या इंचाला यूएनसीचे १३ आणि व्हिटवर्थचे १२. दोन-तीन फेरे बोल्ट जातो आणि मग आवळतो. तिथे पाना लावून ओढू नका, पिच गेज लावा. पार्टीकडून नेहमी एक बोल्ट नमुना म्हणून मागून घ्या, तोंडी साइजवर काम सुरू करू नका.

पाइपचा आटा तर अजून वेगळा, पाव इंच बीएसपीचा बाहेरचा व्यास १३.१५७ मिमी असतो आणि ड्रिल लागतं ११.८. पाव इंच म्हणून ५.१ मारलं असं माझ्यासमोर झालेलं आहे, नशिबाने तो होल मोठा करता आला.

फॉर्म टॅपला वेगळं ड्रिल लागतं म्हणे?

हो. तो कापत नाही, दाबून आटे उठवतो, बर निघतच नाही. म्हणून होल मोठा, साइजमधून अर्धी पिच वजा. एम६ ला ५.५५, एम८ ला ७.४, एम१० ला ९.३. होल पाच शतांशाने चुकला तरी फरक पडतो, म्हणून चांगल्या ड्रिलशिवाय नको. नरम स्टीलमध्ये छान चालतो, टेम्पर केलेल्या ईएन२४ मध्ये मी वापरत नाही. साध्या टॅपचं ८.५ ड्रिल मारून त्यात फॉर्म टॅप घातला तर तो जागेवर अडकून तुटतो.

टॅप तुटला. आता काय?

आधी हात थांबवा. तुकडा वर दिसत असेल तर बर एअरने उडवा, तेल सोडा, आणि टॅप एक्स्ट्रॅक्टरची बोटं फ्लूटमध्ये घालून पुढे-मागे हलकं हलवा. नुसतं उलटं ओढू नका, आधी सुटायला पाहिजे. आत तुटला असेल तर जॉब स्पार्क इरोजनवाल्याकडे न्या, तो टॅपचा मधला गाभा जाळून काढतो आणि उरलेले तीन-चार पात्यांसारखे तुकडे चिमट्याने निघतात, आटे बहुतेक वेळा वाचतात. एचएसएस ड्रिलने तुटलेला टॅप ड्रिल करायला जाऊ नका, ड्रिल घसरून होलाची भिंत खातं.

तुरटीच्या पाण्यात उकळायचा उपाय मोबाइलवर सगळीकडे फिरतो. तो अॅल्युमिनियमच्या जॉबसाठी खरा आहे, गरम तुरटी स्टीलचा टॅप खाते आणि अॅल्युमिनियम शाबूत राहतं. आपला जॉबच स्टीलचा असेल तर तुरटी टॅपसोबत जॉबही खाणार.

आणि तुकडा निघाला की तो फेकू नका. टोकाचे आटे बघा: धार गोलावलेली असेल तर टॅप म्हातारा झाला होता, फ्लूटमध्ये बर गच्च असेल तर होल उथळ होता किंवा टॅप चुकीचा लावला, आणि आट्यांच्या अंगावर चकचकीत घासल्याच्या खुणा असतील तर होल लहान पडलाय, त्याच पेटीतलं ड्रिल आत्ताच्या आत्ता मोजा.